पहिली द्यायची

"पहिली द्यायची, दुसरी घ्यायची, तिसरी द्यायची," आप्पा म्हणाले आणि गेमच्या स्टिअरिंगवरचा धुळीचा हात माझ्या फ्रॉकला पुसला. "काय?"

"माहितेय आप्पा."

"माहितेय तर काल त्या सुरतेच्या शेटला दुसरी शर्यत पण का दिलीस? उठून गेला ना तो. सारखं जिंकलं की माणूस उठतो, सारखं हरलं की पण उठतो. मध्येच एखादी घ्यायची असते."

तेवढ्यात दारातला प्लास्टिकचा पडदा हलला आणि एक बाई आत आली. एकटीच. आमच्याकडे एकटी बाई कधी येत नसे. महाबळेश्वरच्या बाजारात चपला घ्यायला, चणे घ्यायला, काठ्या घ्यायला बायका येत. व्हिडिओ गेमच्या दुकानात त्या नवऱ्याच्या मागून येत आणि त्याच्या खांद्यावरून बघत उभ्या राहत. ही मात्र सरळ आत येऊन उभी राहिली. हातभर हिरवा चुडा, मेंदी अजून काळपट लाल, साडीवरून नवऱ्याचा असावा असा मोठा राखाडी स्वेटर.

"एकट्याला खेळता येतं का यातलं काही?" तिनं विचारलं.

"येतं की ताई," आप्पा म्हणाले. "ही गाड्यांची शर्यत खेळा. जोडीला आमची पोरगी बसती. शालन, बस गं."

मी निळ्या स्टिअरिंगपाशी बसले. तेच माझं काम होतं.

ते मशीन आप्पांनी मुंबईहून जुनं आणलं होतं. पडद्यावर वरून दिसणारा वेडावाकडा रस्ता, त्यावर काडेपेटीएवढ्या दोन गाड्या, एक लाल, एक निळी. खाली दोन स्टिअरिंग, दोन पॅडल. टोकन टाकलं की तीन फेऱ्यांची शर्यत. गंमत दोघांत होती, आणि थंडीच्या दिवसांत येणारं गिऱ्हाईक पुष्कळदा एकटं असायचं. बायको दमून हॉटेलात झोपलेली, नाहीतर मुलं घोड्यावर गेलेली. अशा एकट्या माणसाबरोबर खेळायला मी. माझा पाय पॅडलवर पोचत नसे म्हणून आप्पांनी निळ्या पॅडलवर लाकडाचा ठोकळा ठोकून दिला होता आणि बसायला स्ट्रॉबेरीचं खोकं. आई धाकट्याला घेऊन गावी असायची. सीझनभर मी आणि आप्पा दुकानामागच्या खोलीत. सकाळची शाळा सुटली की मी खोक्यावर.

वर्गातल्या मुली म्हणत, तुझी काय मज्जा बाई, रोज फुकट गेम. मी हो म्हणायचे. मी कुणाबरोबरच खेळत नव्हते, हे त्यांना कसं सांगणार? मी फक्त समोरच्याला जिंकायला बरं वाटेल इतपत त्याच्या मागे राहायचे. दुकान उघडायच्या आधी कधी आप्पा एक टोकन देत, तेव्हा मी मनासारखी गाडी चालवायचे. पण तेव्हा लाल गाडीला कुणी नसायचं. ती सुरुवातीच्या रेषेवर उभी, आणि निळी एकटीच गोल गोल. पहिली येऊन थांबली तरी कळायचं नाही की वेगात आली की हळू.

त्या बाईला पहिली दिली. दुसरी घेतली. तिसरीत तिला स्टिअरिंगचा अंदाज आला होता, तरी शेवटच्या फेरीत मी पुढे होते. मग पडद्यावरच्या रस्त्यात तिसऱ्या वळणाला तेलाचा डाग असतो, त्यावर गाडी घातली. तिथं गाडी गरकन फिरते. लाल गाडी पुढे निघून गेली.

"अरेरे," मी म्हणाले. तेही म्हणायचं असतं.

बाईनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आप्पा बाहेर चहा सांगायला गेले होते. ती पडद्याकडेच बघत हळूच म्हणाली, "मुद्दाम हरलीस ना?"

माझे कान गरम झाले. इतक्या माणसांपुढे हरले होते मी, मिशाळ, चष्मेवाले, पोलीससुद्धा. एकालाही कळलं नव्हतं.

"नाही ताई."

"असू दे. सांगत नाही कुणाला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," ती म्हणाली. "डाग यायच्या आधीच तुझ्या मनगटानं तिकडं वळायचं ठरवलं होतं. पडद्याकडं बघणाऱ्याला नाही दिसत ते. मी हाताकडं बघत होते." मग हसली. "नाव काय तुझं?"

"शालन. तुमचं?"

"हेमलता," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "म्हणजे आता सोनाली. लग्नात बदललं ना. तू हेमाताई म्हण."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली. हॉटेलात नवऱ्याला त्याचे जुने मित्र भेटले होते, जेवणं झाली की त्यांचा पत्त्यांचा डाव बसायचा. "मी म्हटलं बाजारात चप्पल बघून येते," ती म्हणाली. "चपलेला दोन-तीन दिवस लागतात बघायला."

आप्पांना तिचं येणं आवडलं. बाईमाणूस आत बसलेलं दिसलं की इतर बाया पण येतील, असा त्यांचा हिशोब. त्यांनी तिला मेजावरचे चणे दिले. मला डोळ्यांनी सांगितलं, पहिली द्यायची.

ती टोकन हातात खेळवत म्हणाली, "आज मला शिकव."

"काय, वळणं?"

"वळणं पण शिकव. पण कालचं ते शिकव. कळू न देता कसं हरतेस?"

मला हसूच आलं. "ते काय शिकायचं ताई?"

"मला येत नाही. खरंच. मी हरायला लागले की लगेच दिसतं."

ती थट्टा करत नव्हती. आणि मला तर कुणी काही शिकव म्हणून आयुष्यात विचारलं नव्हतं. मी खोकं तिच्या जवळ सरकवलं आणि माझी सगळी विद्या तिच्यापुढे मांडली. सरळ रस्त्यावर कधी ढिलं पडायचं नाही, तिथं आंधळ्यालाही कळतं. जिथं कुणीही चुकेल तिथंच चुकायचं. आधी मागे राहून हरायचं नाही. पुढे राहायचं, त्याला घाम फोडायचा, आणि शेवटी डागावर घालायची. म्हणजे त्याला वाटतं, आपण ओढून आणली शर्यत.

"आणि तोंड?" तिनं विचारलं.

"तोंड आधी वाईट करायचं नाही. चूक झाली की मग. आणि लगेच हसायचं नाही. एवढासा राग आला पाहिजे स्वतःचा."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. हरता हरता आलं."

मग तिनं ओठ मिटले आणि टोकन टाकलं. तीन शर्यती ती तेच करत बसली. पहिल्यांदा डागावर घातली ती इतकी ठरवून की मी म्हणाले, "मनगट, ताई." दुसऱ्यांदा "अगंबाई" फार लवकर म्हणाली. तिसऱ्यांदा मलाच कळलं नाही. मी खरंच जिंकले म्हणून उडी मारणार होते, तेवढ्यात तिनं भुवई उडवली.

"जमलं?"

"जमलं."

एवढं करूनही मला एक कळत होतं. मधल्या फेऱ्यांत, जिथं हरायचं नव्हतं, तिथं ती फार सुरेख चालवत होती. वळणाच्या आत गाडी अशी ठेवायची की दोरा ओवावा. निळी गाडी तिच्या मागे धावताना मला पहिल्यांदाच पॅडल पुरं दाबावंसं वाटलं.

"हेमाताई," मी म्हणाले, "तुम्ही खरी शर्यत खेळलात तर?"

"तू खेळली आहेस का कधी खरी?"

"कुणाबरोबर खेळू?"

समोर पडद्यावर दोन्ही गाड्या रेषेवर उभ्या होत्या. बाहेर घोडेवाले ओरडत होते. मग तिनं माझ्या फ्रॉकच्या खिशात एक टोकन टाकलं.

"उद्या सकाळी आम्ही निघतोय. जायच्या आधी येते. एक खरी खेळू. तू नाही सोडायचीस, मी नाही सोडायची."

"शपथ?"

"शपथ."

त्या संध्याकाळी मी ते टोकन मुठीत धरूनच गिऱ्हाइकांना शर्यती देत होते. आप्पा म्हणाले, आज बरं लक्ष लागलंय.

त्याला आता खूप वर्षं झाली. माझी लेक माझ्याबरोबर गच्चीत पळते, जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मी तिला जिंकू देत नाही. थोडी मागून सुटते, पण सुटल्यावर खरी पळते. ती रडते. सासूबाई वाळवणावरून म्हणतात, "अगं, लेकरू आहे, हर की एकदा." मी तिचे डोळे पुसते आणि म्हणते, पुन्हा पळू या. का ते त्यांना सांगायचं तर हे सगळं सांगावं लागेल.

*

सकाळी धुकं होतं. शाळेला मी बुट्टी मारली, पोट दुखतंय म्हणून. आप्पांनी चालवून घेतलं. शनिवार होता, गर्दी होणार होती. मी दोन्ही स्टिअरिंग ओल्या फडक्यानं पुसली, आणि लाल पॅडलखाली अडकलेली चण्याची सालं काढली.

बाहेर टॅक्सी थांबली. टपावर सुटकेस बांधलेल्या. हेमाताई उतरली, पण एकटी नव्हती. पुढचं दार धरून उभा होता तो तिचा नवरा, गळ्यात मफलर, देखणा. त्याच्यामागे आणखी दोघं, त्याचे ते मित्र.

"हीच का तुझी चप्पल?" तो आत येत म्हणाला, आणि मित्र हसले. रागावलेला नव्हता. मजेत होता. "मालक, ही रोज इथं येत होती का?"

"आल्या होत्या की साहेब," आप्पा म्हणाले. "आमच्या पोरीबरोबर बसल्या होत्या."

"बस मग. बघू काय शिकलीस." तो लाल स्टिअरिंगवर बसलाही. "नंदू, टोकन घे रे."

हेमाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. खोकं बाजूला सरकवलं. ती निळ्या स्टिअरिंगपाशी माझ्या जागी बसली, आणि ठोकळा बसवलेल्या पॅडलवर तिनं नवी चप्पल टेकवली.

"वहिनी, जपून हं," नंदू म्हणाला. "आमचा हा शशा गाडीत फार जोरात असतो."

"आणि मुद्दाम हरायचं नाही," नवरा हसत म्हणाला. मग मित्रांना सांगायला लागला, "परवा हॉटेलात कॅरम खेळलो. पहिल्या डावात हिनं मला सपशेल हरवलं. कॉलेजात चँपियन होती म्हणे, लग्नाआधी कुणी बोलले नाहीत. दुसरा डाव मुद्दाम हरली. मी लगेच पकडलं. म्हटलं, मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? रात्रभर डोकं फिरलं होतं माझं. आपल्याला फसवायचं काम नाही."

"नाही हरणार मुद्दाम," हेमाताई म्हणाली.

मी तिच्या खांद्यामागे उभी होते. तेव्हा मला कळलं की मी काल तिला काय शिकवलं, आणि कशासाठी.

शर्यत सुटली. तो चांगला खेळत होता असं नाही, पण घाबरत नव्हता. दोन फेऱ्या ती पुढे राहिली, अगदी थोडी. त्याला घाम फुटला. तो पुढे वाकला, मफलर काढून मांडीवर टाकला. मित्र "शशा, शशा" करायला लागले. तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, मी पडद्याकडे पाहिलंच नाही. तिच्या मनगटाकडे पाहिलं. डाग येईपर्यंत ते हललं नाही. हिरव्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. निळी गाडी डागावर गेली आणि गरकन फिरली.

"अगंबाई," ती म्हणाली. अगदी वेळेवर. आणि तिला एवढासा राग आला स्वतःचा.

नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. "बघितलंस? शेवटपर्यंत सोडायचं नसतं." त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं, प्रेमानं. "बरी चालवतेस पण."

"तुम्ही ओढून आणली," ती म्हणाली.

आप्पा कौतुकानं मान हलवत होते. माझ्याइतकं चांगलं हरलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. मी खिशातलं टोकन चाचपलं. आता कसली खरी, मला वाटलं. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"चला," नवरा उठला.

"एक मिनिट," हेमाताई म्हणाली. "या मुलीला कबूल केलंय एक. खेळते, येतेच."

"लवकर," म्हणत तो टॅक्सीकडे गेला.

ती सरकून लाल स्टिअरिंगवर गेली. मी खोकं ओढलं, निळ्यावर बसले, आणि माझं टोकन टाकलं. आप्पांनी बोट वर केलं. पहिली द्यायची.

पहिल्या फेरीत दोन्ही गाड्या चिकटून होत्या. मी पॅडल पुरं दाबलं होतं. आतून वळायचे तर ती माझ्याही आतून, मी बाहेरून वेग धरायचे तर ती आधीच पुढे. असं कुणी माझ्या शेजारी कधी पळालंच नव्हतं. मागे नंदू चणे खात काहीतरी बोलत होता, तो बोलता बोलता थांबला.

दुसऱ्या फेरीत मी पुढे गेले. मग ती. मग मी. आमचे कोपर एकमेकींना लागत होते आणि दोघींपैकी कुणी सरकत नव्हतं.

"अरे," दुसरा मित्र म्हणाला, "वहिनी तर..."

त्यानं पुढचं गिळलं. मला मागे न बघता कळलं, नवरा परत आत आलाय. त्याचा श्वास माझ्या डोक्यावर येत होता. आणि मग मला भीती वाटली, माझ्यासाठी नाही. तिनं आता असं चालवलं तर मघाचं सगळं उघडं पडणार होतं. तो डाग, ते अगंबाई, सगळं. तिला कळत नव्हतं का? तिसरी फेरी सुरू झाली आणि मी मनात म्हणत होते, घाला ताई, डागावर घाला. नाहीतर मी हळू होते, लांब राहते, म्हणजे कुणाला वाटेल पोरगीच कच्ची आहे.

पॅडलवरचा माझा पाय किंचित उचलला गेला.

"शालन," ती म्हणाली. पडद्यावरची नजर न काढता, सगळ्यांच्या देखत. "शपथ घेतलीय."

मी पाय खाली दाबला.

तिसरं वळण. डागाच्या आतल्या बाजूला एका गाडीपुरती जागा असते. तिथून मी कधी गेले नव्हते, मला वाटायचं जाताच येत नाही. लाल गाडी तिथून गेली. मी बाहेरून गेले, चाक जमिनीला टेकलेलंच नाही असं वाटावं इतक्या वेगानं, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर आम्ही बरोबर होतो. रेषेवर लाल गाडीचं नाक पुढे होतं. नाकच.

दुकानात फक्त मशीनची शिट्टी वाजत होती.

शर्यत फार कमी वेळात संपली की पडदा जिंकणाऱ्याचं नाव मागायचा, तसं त्यानं आता मागितलं. तीन इंग्रजी अक्षरं, स्टिअरिंग फिरवून निवडायची. "चल, उशीर होतोय," नवरा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता थंड होता. हेमाताईनं सावकाश स्टिअरिंग फिरवलं. एच. मग ई. मग एम.

"एच ई एम कसलं?" नंदू म्हणाला. बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "वहिनींचं नाव तर सोनाली ना?"

"तीनच अक्षरं बसतात," ती म्हणाली.

उठताना तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे तळवे ओले होते. माझेही.

"खरी होती ना?"

"खरी होती," मी म्हणाले.

मी दारातल्या पडद्यापाशी उभी राहून बघितलं. येताना नवऱ्यानं तिच्यासाठी धरलेलं पुढचं दार आता त्यानं स्वतःसाठी उघडलं, आणि ड्रायव्हरशेजारी बसला. मित्र बाजारातून पुढे चालत गेले, हात करायचा की नाही ते न कळून. हेमाताई मागे बसली, एकटी, शेजारी चपलांची पिशवी. टॅक्सी धुक्यात वळेपर्यंत ती ताठ बसली होती. तिनं मागे पाहिलं नाही. मला वाटतं पाहावंसं वाटलं असेल. पण मला ते नक्की माहीत नाही. तिचं पुढचं काहीच मला माहीत नाही.

"पहिलीच दिलीस, बरं केलंस," आप्पा म्हणाले. "पण लई ताणलीस बघ. आणि दुसरी खेळायला थांबले कुठं ते."

"दिली नाही आप्पा. हरले."

"तेच की."

"तेच नाही," मी म्हणाले. आप्पांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, पोट दुखत होतं ना सकाळी.

दिवसभर गर्दी होती. मी दिल्या, घेतल्या, दिल्या. तिची वेळ कुणाला मोडता आली नाही. शर्यत संपली की पडद्यावर दिवसातलं सगळ्यात वरचं नाव यायचं, एच ई एम, जरा थांबायचं, जायचं, मग रिकामा रस्ता, मग परत यायचं. त्या मशीनला वीज बंद झाली की काही आठवत नसे. रोज सकाळी ते कोरं असायचं.

दुकान मिटताना मेन स्विच बंद करणं माझ्याकडे होतं. खोक्यावर चढलं की हात पुरायचा. आप्पा बाहेर फळ्या लावत होते. मी खोक्यावर चढले आणि खटक्यावर हात ठेवून मान वळवून बघत राहिले. नाव आलं. गेलं. रिकामा रस्ता. ते असताना बंद करायचं की गेल्यावर, एवढंच माझ्या हातात होतं.

"शालन, झालं का गं?" आप्पांनी हाक मारली.

"झालं," मी म्हणाले. नाव पुन्हा आलं. मी ते पुरतं वाचलं, एकदा तिचं म्हणून आणि एकदा माझ्याशी पळालेल्या कुणाचं तरी म्हणून, आणि खटका ओढला.